एनएईपी डेटा एक्सप्लोरर : शहरी शाळांचा गणिताचा आलेख वाचताना

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या शाळा गणितात पुढे गेल्या की मागे, हे तपासायला एनएईपी (शालेय प्रगती मोजणारी अमेरिकेची राष्ट्रीय चाचणी) डेटा एक्सप्लोरर या संकेतस्थळाहून चांगलं फुकटचं साधन नाही. टीयूडीएत (मोठ्या शहरांचे निकाल वेगळे देणारा एनएईपीचा उपक्रम) सहभागी असलेल्या शहरी शालेय जिल्ह्यांचे चौथी आणि आठवीचे गणिताचे निकाल २००३ पासून, ०–५०० च्या मापावर, इथे मिळतात.

विषय, इयत्ता, जिल्हा आणि वर्षं निवडा. तुलनेला ‘लार्ज सिटी’ (देशातल्या मोठ्या शहरांच्या सरकारी शाळांचा एकत्रित आकडा) घ्याच. मग एकूण सरासरीवर न थांबता अपंगत्व आणि इंग्रजी शिकणारे विद्यार्थी हे दोन गट लावा. सरासरीच्या शेजारी टक्केवारी आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) दोन्ही दाखवा. दोन वर्षांतला फरक नुसत्या नजरेने ठरवू नका, फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे पाहणारी सार्थकतेची चाचणी तिथेच करता येते.

खरी उणीव पुढे आहे. टक्केवारी परीक्षा दिलेल्या मुलांचीच असते. अपंगत्वामुळे किंवा इंग्रजी कच्चं असल्यामुळे परीक्षेतून वगळलेली मुलं या तक्त्यात दिसतच नाहीत. समजा, १०० पैकी ९० मुलांनी परीक्षा दिली आणि सरासरी आली २४०. पुढच्या फेरीत आधी वगळली जाणारी ८ मुलं बसली, त्यांची सरासरी २००. एकूण आकडा येतो सुमारे २३६.७. कुणाचंही शिकणं कमी झालेलं नाही, तरी तीन गुणांची ‘घसरण’ छापून येते! उलटही होतं, आणि ते जास्त घातक: मुलं वगळली की जिल्हा सुधारल्यासारखा दिसतो. नमुन्यातल्या सर्व मुलांपैकी ९५ टक्के आणि या दोन गटांतल्या ८५ टक्के मुलांना सामावून घेण्याचं उद्दिष्ट २०१० मध्ये ठरलं. त्यामुळे त्याआधीची वर्षं जोडताना समावेशाचे दर अहवालाच्या परिशिष्टातून काढून शेजारी मांडावेच लागतात.

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटाचा कल तर फारच जपून वाचावा. ज्यांचं इंग्रजी सुधारतं ती मुलं गटाबाहेर जातात, नवखी आत येतात; गट कायम मागेच दिसतो. ‘पूर्वी इंग्रजी शिकणारे’ हा वर्ग वेगळा दाखवणारं चल (व्हेरिएबल) मिळालं तर तेच घ्या.

वॉशिंग्टन डीसीचं २००७ आणि २००९ थेट जोडू नका. २००९ पासून, जिल्ह्याच्या जबाबदारीच्या अहवालात न धरलेल्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) टीयूडीएतून बाहेर गेल्या.

गटात ६२ पेक्षा कमी मुलं असतील तर आकड्याऐवजी ‡ हे चिन्ह येतं. ते शून्य नव्हे. एक्सेलमध्ये उतरवताना ती चौकट रिकामी ठेवा, नाहीतर सरासरी बिघडते.

समावेशाचा दर त्याच तक्त्यात एका स्तंभात द्यायलाच हवा. तोवर या साधनाला पाचपैकी चार गुण.