घरच्या किटवर कोणता गेम: रॉक बँडच्या वळणाचा की ड्रममॅनियाच्या?

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घरात आलंय, नुसत्या रियाझाचा कंटाळा येतो, आणि गेम खेळता खेळता हात बसला तर बरं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाटा मुख्यतः दोन. एक रॉक बँडच्या घराण्याची, म्हणजे आज पीसीवर क्लोन हीरो किंवा यार्ग. दुसरी कोनामीच्या ड्रममॅनियाची, म्हणजे जपानी गेम सेंटरमध्ये गिटाडोरा आणि घरी डीटीएक्समॅनिया. मी दोन्हींवर भरपूर वाजवलंय. तायको नो तात्सुजिन मुद्दाम बाहेर ठेवलाय. मध्यावर मारलं की ‘दोन’, काठावर मारलं की ‘का’, मजा खूप येते. पण त्यात पायांना काही कामच नाही, त्यामुळे किटवाल्याच्या फारसा उपयोगाचा नाही.

रॉक बँडला कमी लेखू नका. २००७ साली आला तेव्हा चार रबरी पॅड आणि एक पेडल एवढाच संसार होता. हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी) आणि टॉम (किटमधले छोटे-मोठे ढोल) दोघांची सोय एकाच पिवळ्या पॅडवर. २०१० च्या तिसऱ्या भागात प्रो ड्रम्स आले, वर जोडलेल्या तीन झांजा टॉमपेक्षा वेगळ्या धरल्या जाऊ लागल्या. पडद्यावर गोल खूण दिसली की झांज, चपटी दिसली की टॉम. आजचा क्लोन हीरो हीच मांडणी चालवतो आणि यूएसबीने जोडलेलं किट ओळखतो. एक्स्पर्ट पातळीवरचे चांगले चार्ट (म्हणजे गाण्यात कधी कुठल्या पॅडवर मारायचं याची गेममधली मांडणी) बऱ्याच अंशी मूळ ड्रमरने वाजवलेलंच उतरवून घेतलेले असतात. हात एक करतोय, पाय दुसरंच, ही पहिली अडचण यावर खरोखरच सुटते. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांचा पाय याच गेमने सोडवला.

एक गंमत सांगतो. डिस्कोच्या ठेक्यात दोन्ही हात आळीपाळीने हाय-हॅटवर सोळावे (एका मात्रेत चार ठोके) वाजवतात आणि स्नेअरसाठी उजवा हात खाली येतो. साध्या चार पॅडच्या मोडमध्ये हे अवघड जातं, म्हणून चार्ट करणारे लाल (म्हणजे स्नेअरच्या) आणि पिवळ्याची चक्क अदलाबदल करतात. याला ‘डिस्को फ्लिप’ म्हणतात. म्हणजे कान स्नेअर ऐकतोय आणि हात मात्र हाय-हॅटच्या पॅडवर. प्रो मोडमध्ये ही अदलाबदल पुन्हा सरळ होते. तेव्हा क्लोन हीरो घ्यायचं ठरलं तर प्रो मोडशिवाय किटला हात लावू नका.

ड्रममॅनिया यापेक्षा जुना, १९९९ चा. (रॉक बँड आल्यावर कोनामीने त्याच्या निर्मात्यांना २००८ मध्ये पेटंटवरून कोर्टात खेचलंही होतं.) त्याचं मशीन पहिल्यापासून किटच्या आकाराचं: हाय-हॅट, स्नेअर, दोन टॉम, झांज, पेडल. २०१० च्या एक्सजी आवृत्तीत फ्लोअर टॉम, डावी झांज आणि डाव्या पायाला दुसरं पेडल आलं. एका ओळीत मांडलेल्या चार पॅडवर फिल (ठेका मोडून मध्ये घेतलेली भरीची तोड) वाजवणं आणि फ्लोअर टॉमकडे वळून वाजवणं यात शरीराला पडणारा फरक मोठा आहे. तो मला जपानात नोकरीला असताना स्टेशनजवळच्या गेम सेंटरमध्ये, शंभर येनची नाणी घालता घालता कळला. अर्थात तुमच्याकडे स्वतःचं किट असेल तर हा मुद्दा निम्मा उरतो, कारण मांडणी तुमच्याच हातात असते.

उरतो तो प्रश्न आवाजाचा. माझा निर्णय झाला तो इथे.

रॉक बँडच्या पद्धतीत गाण्याचा ड्रमचा ट्रॅक आधीच रेकॉर्ड केलेला असतो. तुम्ही ठरलेल्या मुदतीत पॅडवर मारलं की तो ट्रॅक ऐकू येत राहतो, चुकलात की गप्प होतो. थोडं आधी मारा, थोडं उशिरा मारा, कानावर पडतो तो मूळ ड्रमरचा बरोब्बर जागेवरचा ठोका. १२० च्या लयीला दोन सोळाव्यांमध्ये १२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्यातले तीस-चाळीस मिलिसेकंद उशीर झाला तर बँडमधल्या बेसवाल्याच्या कपाळाला आठी पडते, पण गेम गुण पुरेच देतो, वर ऐकवतो दुसऱ्याचं सुबक वाजवणं. चूक केली मी आणि ऐकतोय स्टुडिओतला कसलेला माणूस! लहान मुलाच्या हाताला धरून रांगोळी काढून घ्यावी तसं हे.

मी एकदा गेम चालू ठेवून मॉड्यूलचा (किटचे आवाज काढणाऱ्या डब्याचा) आवाज वेगळा रेकॉर्ड केला. पडद्यावर जवळजवळ शंभर टक्के. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रत्येक फिलनंतरचा पहिला स्नेअर मागे ओढलेला, आणि किक (पायाच्या पेडलचा ठोका) त्याच्याही पुढे धावलेला. गेम खेळताना यातलं काहीही जाणवलं नव्हतं. हेडफोनमध्ये मॉड्यूलचा आवाज वाढवला तर दोन स्नेअर ऐकू येतात, एक माझा, एक त्याचा, आणि सगळा गोंधळ. यावर उपाय आहे: गाण्याच्या फाइलमध्ये ड्रमचा ट्रॅक सुटा असेल तर सेटिंगमध्ये त्याचा आवाज शून्य करायचा. पण पुष्कळ गाणी अखंड एकाच फाइलची असतात, तिथे इलाज नाही. शिवाय दर वेळी ते तपासत बसायचं म्हणजे वाजवायचा मूड तिथेच जातो.

ड्रममॅनियात पाठीमागे चालणाऱ्या संगीतात ड्रम नसतो. ठोका तुम्ही माराल तेव्हाच वाजतो. उशिरा मारलात तर उशिरा, आणि सगळं गाणं त्या उशिरासकट तुम्हाला ऐकावं लागतं. शिवाय निकाल ‘लागला’ किंवा ‘हुकला’ एवढाच नसतो; परफेक्ट, ग्रेट, गुड अशा पायऱ्या असतात. डीटीएक्समॅनियाच्या नीट बनवलेल्या फाइली याच पद्धतीच्या. त्यात गेमचे ड्रमचे आवाज बंद करून किटच्या मॉड्यूलचे ऐकता येतात, म्हणजे पीसीच्या आवाजातल्या विलंबाची कटकटही बरीच कमी होते. पहिले काही दिवस मला स्वतःचं वाजवणं ऐकवेना. पण जे ऐकूच येत नाही ते सुधारायचं कसं?

हाय-हॅटचं तसंच. रॉक बँडच्या मांडणीत त्याला एक पिवळी झांज. डावा पाय दाबलेला आहे की उचललेला, याच्याशी गेमला देणंघेणं नाही. डीटीएक्सच्या फाइलीत बंद आणि उघड्या हाय-हॅटला वेगवेगळ्या जागा आहेत. ज्यांचा सगळा ठेकाच ‘त्स्स-प’ वर उभा आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

आणखी एक. मधल्या जागी हळूच एखादी घोस्ट नोट (अगदी हलका, भरीचा ठोका) टाकली की क्लोन हीरो जादा ठोका म्हणून कॉम्बो (सलग बरोबर ठोक्यांची साखळी) तोडतो. ड्रममॅनिया जादा ठोक्याला काही म्हणत नाही. त्याचा गैरफायदा घेता येतो हे खरं, दोन्ही हातांनी सगळीकडे बडवत सुटणारे महाभाग मी पाहिलेत. पण जरा बरं वाजवणाऱ्याला हे स्वातंत्र्य हवंच.

जोर किती, हात कुठला, या बाबतीत दोन्ही तोकडेच. क्लोन हीरोत अलीकडे घोस्ट आणि ॲक्सेंटच्या (जोरकस ठोक्याच्या) खुणा आल्यात, हे त्याच्या बाजूने. पण त्या चार्ट करणाऱ्याने टाकलेल्या असल्या तर. आणि लय धरून ठेवणं, जे ड्रमरचं खरं काम, ते दोन्हीकडे गाणंच तुमच्यासाठी करतं. मेट्रोनोमला सुट्टी नाही.

गाण्यांच्या बाबतीत मात्र क्लोन हीरो सरळ पुढे आहे. इंग्रजी रॉक आणि मेटल हवं असेल तर लोकांनी केलेल्या चार्टचा ढीग आहे, हक्कांचा प्रश्न ज्याने त्याने बघावा. डीटीएक्सकडे जपानी पॉप आणि ॲनिमेची गाणी जास्त. मला आवडतात, सगळ्यांना आवडतीलच असं नाही. डीटीएक्समॅनिया फक्त विंडोजवर चालतो, मॅकवाल्यांचा प्रश्न तिथेच मिटला. हिंदी-मराठी गाणी हवी असतील तर दोन्हीकडे बहुधा स्वतःच चार्ट करावा लागेल: तिकडे मूनस्क्रेपर, इकडे डीटीएक्सक्रिएटर. दुसऱ्याचं काम जास्त किचकट, कारण कुठल्या ठोक्याला कुठला आवाज हेही तुम्हीच लावायचं.

तेव्हा घरात मुलं, पाहुणे, मित्र जमून धमाल करायची असेल तर क्लोन हीरो. उद्या कुणासोबत खरोखर वाजवायला बसायचं असेल तर, माझ्यापुरतं तरी, डीटीएक्समॅनिया. तो घेतलात तर इंग्रजी मेनूची एनएक्स शाखा उतरवा आणि पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये हाय-हॅटचा ग्रुप मोडून उघडा-बंद वेगळे करा, नाहीतर तो दोन्ही एकच धरू शकतो. जादा ठोक्यांची शिस्त हवी असेल तर ‘टाइट’ नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की रिकामा ठोका मिस धरला जातो. आणि कुठलाही गेम घ्या, किकच्या पेडलखाली जाड रबरी मॅट टाका. पॅड जाळीचे असले तरी पेडलचा धमका खालच्या मजल्यावर जातोच.