पीएसएची ग्रेडिंग सेवा: रुकी कार्डाला दहा मिळाले, म्हणजे नेमके काय मिळाले?

बेसबॉल कार्डांच्या बाजारात एकाच खेळाडूच्या एकाच कार्डाच्या दोन प्रतींच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर असते, आणि हे अंतर बहुतेक वेळा प्लास्टिकच्या डबीवरील एका आकड्यामुळे पडते. हा आकडा देणाऱ्या कंपन्यांमध्ये कॅलिफोर्नियातील पीएसए (प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर) ही सर्वांत मोठी. १९९१ साली सुरू झालेली ही कंपनी कार्ड खरे आहे का ते पाहते, एक ते दहा या मापावर त्याचा दर्जा, म्हणजे श्रेणी, ठरवते आणि ते कायमचे बंद केलेल्या पारदर्शक डबीत, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत ‘स्लॅब’मध्ये, घालून परत पाठवते. अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या लिटल लीग बेसबॉलच्या पाठोपाठ कार्डांची पाकिटेही येतात. त्यांतून एखादे चकचकीत रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूच्या मेजर लीगमधल्या पहिल्या हंगामाच्या सुमाराचे कार्ड, निघाले की ते ग्रेडिंगला पाठवावे का, हा प्रश्न हमखास पडतो. म्हणून हे परीक्षण मुख्यतः रुकी कार्डांपुरते आहे.

तपासणीत चार गोष्टी पाहिल्या जातात: छपाईचे सेंटरिंग (चित्र कार्डाच्या मधोमध आहे का), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. क्रोम, म्हणजे चकाकत्या पृष्ठभागाचे, कार्ड टेबललॅम्पखाली तिरके धरले, की समोरून निर्दोष वाटणाऱ्या खेळाडूच्या छातीवरून केसासारखी बारीक रेघ गेलेली दिसते. ती छापखान्यातच पडलेली असते, पाकीट कितीही जपून फोडले तरी टळत नाही, आणि दहाचे नऊ करायला तेवढी पुरेशी ठरते. सेंटरिंगचा हिशेब याहून काटेकोर आहे. डाव्या-उजव्या पांढऱ्या पट्ट्या मिळून चार मिलिमीटर भरत असतील, तर ६०/४० म्हणजे २.४ आणि १.६ मिलिमीटर, तर ५५/४५ म्हणजे २.२ आणि १.८. पूर्वी दर्शनी बाजूला ६०/४० पर्यंत चालत असे. २०२५ मध्ये ‘जेम मिंट’ या सर्वोच्च दर्जासाठी, म्हणजे दहासाठीची, मर्यादा ५५/४५ वर आणली गेली. निकष कडक झाला याबद्दल तक्रार नाही. मात्र जुन्या सैल निकषावर दहा मिळालेली कार्डे बाजारात तशीच फिरत आहेत आणि लेबलावरचा दहा तोच आहे, त्यामुळे खरेदी करणाऱ्याने आकड्याबरोबर कार्डाच्या कडेच्या पट्ट्याही स्वतः पाहाव्यात हे उत्तम.

माझ्या मते या कंपनीची सर्वांत मोलाची सेवा ती फुकट देते, ती म्हणजे पॉप्युलेशन रिपोर्ट. कोणत्या कार्डाच्या किती प्रती आल्या आणि कोणत्या दर्जाला किती बसल्या, याची ही खुली नोंद आहे. केन ग्रिफी ज्युनियरचे १९८९ चे अपर डेक या कंपनीचे कार्ड घ्या. त्या संचातले ते क्रमांक एकचे कार्ड, छापील तावाच्या कोपऱ्यातले, त्यामुळे त्याचे कोपरे दुखावण्याची शक्यता अधिक. तरीही दहाच्या दर्जाच्या प्रती चार हजारांहून अधिक आहेत, कारण त्या काळात कार्डे अफाट संख्येने छापली गेली. कार्ड लाडके आहे, दुर्मीळ नाही. माइक ट्राउटच्या, टॉप्स कंपनीच्या २०११ च्या ‘अपडेट’ संचातल्या कार्डाचीही गत तीच: रुकी म्हणून ते अस्सल, पण दहा मिळालेल्या प्रती हजारोंनी. आपल्या हातातले कार्ड नव्या खेळाडूचे असेल, तर पाठवण्याआधी या नोंदीत किती टक्के प्रती दहावर पोहोचल्या ते पाहावे. निम्म्याहून अधिक पोहोचल्या असतील, तर तिथे नऊ मिळणे म्हणजे फी आणि टपालखर्च अंगावर पडणे होय.

रुकी कार्ड म्हणजे कोणते, याचा निवाडा मात्र डबी करत नाही. तो ज्याचा त्याने करायचा असतो. २००६ पासून अधिकृत रुकी कार्डांवर ‘आरसी’ हे बोधचिन्ह येते, त्यामुळे अलीकडच्या कार्डांत गोंधळ कमी झाला, पण संपला नाही. ट्राउटच्याच २००९ च्या बोमन क्रोम ड्राफ्ट मालिकेतील एकमेव स्वाक्षरीयुक्त सुपरफ्रॅक्टर (एकाच प्रतीत छापलेले खास कार्ड) २०२० मध्ये सुमारे ३९ लाख डॉलरना गेला. ते तो मेजर लीगमध्ये येण्याआधीचे, म्हणून काटेकोर अर्थाने रुकी कार्ड नाही, आणि त्याची श्रेणी, बेकेट या प्रतिस्पर्ध्याने दिलेली, दहा नव्हे तर नऊ होती. प्रत एकच असली की श्रेणीला फारसे कोणी विचारत नाही. जुन्या काळात मिकी मँटलचे खरे रुकी कार्ड १९५१ चे बोमन आहे, तरी बाजाराने डोक्यावर घेतले ते १९५२ चे टॉप्स. त्याची एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीने ९.५ दर्जा दिलेली प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. (ही एसजीसी २०२४ मध्ये पीएसएच्याच मूळ कंपनीने विकत घेतली, स्पर्धा किती उरली ते वाचकांनी ठरवावे.)

विश्वासार्हतेच्या खात्यात एक जुना डाग आहे. या कंपनीने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड होनस वॅगनर या खेळाडूचे टी२०६ मालिकेतले होते, आणि आठचा दर्जा मिळवलेल्या त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. कडा कापलेल्या कार्डाला एरवी अंकी श्रेणीच मिळत नाही. तपासणीची साधने तेव्हापासून सुधारली, हे मान्य केले तरी श्रेणी हे जाणकाराचे मत आहे, मोजपट्टीचा निकाल नव्हे, हे विसरून चालत नाही.

फीची रचना मला खटकते. २०२५ मध्ये खालच्या पातळीवर प्रत्येक कार्डामागे वीस ते तीस डॉलरच्या आसपास खर्च येत होता, पण पातळी कार्डाच्या घोषित किमतीवर ठरते, आणि श्रेणी मिळाल्यावर किंमत त्या पातळीच्या वर गेली तर वाढीव फी आकारली जाते. म्हणजे उंच श्रेणी देणाऱ्यालाच त्या श्रेणीतून जास्त उत्पन्न मिळते. गैरप्रकार होतो असा आरोप मी करत नाही. परीक्षकाने असे हितसंबंध ठेवू नयेत, एवढेच म्हणणे आहे. वेळेबाबतही सबुरी हवी: मार्च २०२१ मध्ये तुंबलेल्या कामापायी कंपनीला बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या होत्या.

पाठवायचेच ठरले, तर कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात आणि मग अर्धकडक धारकात घालावे. टॉपलोडर नावाचे कडक प्लास्टिकचे धारक कंपनीला नको असतात, कारण त्यातून कार्ड काढताना कोपरा लागतो. १९८० च्या आधीची, खरेपणाबद्दल शंका येऊ शकेल अशी रुकी कार्डे आणि थोड्या संख्येने छापलेली स्वाक्षरीयुक्त कार्डे मी डोळे झाकून पाठवीन. चालू हंगामातली साधी क्रोम रुकी कार्डे पाठवणार नाही. त्यांतले एखादे दहाच्या दर्जाचे हवे असेल, तर तयार स्लॅब विकत घेणे बहुधा स्वस्त पडते, मात्र त्याचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र हातातल्या कार्डाशी ताडून पाहावे, कारण बनावट डब्याही विकल्या जातात.