कॅलिफोर्नियाचं रिकॉल: सह्या जनतेच्या, तारीख सत्तेची

गव्हर्नरला मुदत संपण्याआधी मतदानाने घरी पाठवण्याची सोय, म्हणजे ‘रिकॉल’, कॅलिफोर्नियात १९११ पासून आहे. (गव्हर्नर म्हणजे तिथला थेट निवडून आलेला मुख्यमंत्रीच. आपल्याकडच्या राज्यपालाशी गल्लत नको.) इतक्या वर्षांत गव्हर्नरविरुद्धचं रिकॉल प्रत्यक्ष मतदानापर्यंत दोनदाच पोहोचलं. २००३ मध्ये ग्रे डेव्हिस गेले, २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम राहिले. या दोन वेळांची वेळापत्रकं शेजारी ठेवून व्यवस्था तपासली, की सह्यांचा भाग चोख निघतो. तारखेच्या भागात मात्र मोठी खोट आहे, आणि निकाल बऱ्याच अंशी तिथेच घडतो.

आधी सह्या. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जितकी मतं पडली, त्यांच्या १२ टक्के सह्या लागतात. त्या किमान ५ काउंट्यांतून (म्हणजे जिल्ह्यांतून) हव्यात आणि त्या प्रत्येक काउंटीत तिथल्या मतांच्या किमान १ टक्का हव्यात. मुदत १६० दिवस. २०२१ च्या वेळी हा आकडा १४,९५,७०९ होता. सुमारे २१ लाख ६० हजार सह्या जमा झाल्या, वैध ठरल्या १७ लाख २० हजारांच्या आसपास. म्हणजे पाचातली एक सही बाद. पत्ता बदललेला, नोंदणी नसलेली, दोनदा केलेली, अशी सही पडताळणीत गळतेच. त्यामुळे गरजेपेक्षा २५ ते ३० टक्के जास्त सह्यांचं गणित न मांडता मोहीम सुरू करणं म्हणजे श्रम वाया घालवणं.

आता तारीख. पुरेशा सह्या प्रमाणित झाल्या, की ६० ते ८० दिवसांत निवडणूक घ्यायची. १८० दिवसांच्या आत नियमित निवडणूक येत असेल, तर तिला जोडता येते. गव्हर्नरच्याच रिकॉलची तारीख गव्हर्नर ठरवत नाही, लेफ्टनंट गव्हर्नर (राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं पद) ठरवतो. कागदावर हे बरं दिसतं. पण २००३ मध्ये ज्या क्रूझ बुस्टामांटे यांनी तारीख लावली, तेच पुढे डेव्हिस यांच्या जागेसाठी उमेदवार म्हणून उभे राहिले. तारीख लावणाऱ्याला उमेदवारीची मनाई नसणं ही या नियमातली उघडी फट आहे.

डेव्हिस यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा डाव सरळ होता: उशीर. पडताळणी सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबली असती, तर निवडणूक २ मार्च २००४ च्या प्रायमरीला (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला) जोडता आली असती. त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस, तर रिपब्लिकन बाजूला तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना आव्हानच नाही. म्हणजे डेव्हिस यांचेच मतदार जास्त बाहेर पडले असते. सह्यांची मुदत २ सप्टेंबरला संपत होती, त्यामुळे मोहीम आपल्या गतीने चालली असती तर हा डाव साधलाही असता. तो मोडला पैशाने. अमेरिकी संसदेचे रिपब्लिकन सदस्य डॅरेल इसा यांनी सतरा लाख डॉलरच्या आसपास रक्कम ओतली, पगारी सह्या-गोळा करणारे रस्त्यावर उतरले आणि २३ जुलैला प्रमाणपत्र निघालं. निवडणूक लागली ७ ऑक्टोबरला, ७६ दिवसांनी. ५५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी डेव्हिस यांना हटवलं आणि १३५ उमेदवारांतून आर्नोल्ड श्वार्झनेगर आले. सह्यांच्या १६० दिवसांतले किती दिवस वाचवायचे, हे मोहिमेच्या हाती असतं. तिच्या हाती असलेलं हे एकमेव घड्याळ.

बाकीची घड्याळं २०१७ मध्ये सत्तेकडे गेली. राज्य सिनेटर जॉश न्यूमन यांच्याविरुद्ध रिकॉल सुरू असताना विधिमंडळाने मधे उशीर करणाऱ्या तीन पायऱ्या घातल्या: सही मागे घ्यायला ३० कामकाजाचे दिवस, वित्त विभागाचा खर्चाचा अंदाज, आणि त्यावर विधिमंडळाच्या समितीला ३० दिवस. न्यूमन यांची निवडणूक जून २०१८ च्या प्रायमरीसोबत झाली आणि ते हरले. पायऱ्या मात्र कायद्यात राहिल्या.

२०२१ मध्ये त्यांचा उपयोग उलट्या दिशेने झाला. त्याआधी एक वळण घ्यायला हवं. करोनामुळे सह्या गोळा करता येत नाहीत म्हणून ६ नोव्हेंबर २०२० ला सॅक्रामेंटोच्या न्यायाधीशांनी १७ नोव्हेंबरची मुदत १२० दिवसांनी वाढवून १७ मार्च केली. त्याच संध्याकाळी न्यूसम फ्रेंच लाँड्री या महागड्या रेस्टॉरंटमध्ये मेजवानीला होते, आणि ती बातमी फुटल्यावर सह्यांचा पूर आला. वाढीव मुदत नसती तर त्या संतापाला सही करायला कागदच उरला नसता.

सही मागे घेण्याची मुदत ८ जूनला संपली. एवढ्या मोठ्या संख्येतून मागे घेणारे निघाले ४३! दीड महिना गेला तो यासाठी. मग सत्ताधाऱ्यांनी हिशेब मांडला: १५ जूनला निर्बंध उठले आहेत, लोकांचा मूड बरा आहे, पुढे वणव्यांचा हंगाम आणि वीजकपातीची भीती. तेव्हा लवकर करा. जूनअखेरीस कायदा बदलून समितीचे ३० दिवस वगळले गेले. १ जुलैला प्रमाणपत्र निघालं आणि त्याच दिवशी लेफ्टनंट गव्हर्नर एलेनी कूनालाकिस यांनी १४ सप्टेंबर जाहीर केली.

उमेदवारी अर्जाची मुदत १६ जुलैला. विरोधकांना उमेदवार ठरवायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. घाईतही धोका होताच. करोनाचा डेल्टा प्रकार पसरला आणि जुलैअखेरीस संभाव्य मतदारांच्या पाहणीत अंतर फक्त तीन टक्क्यांवर आलं. पण सगळ्या मतदारांना टपालाने मतपत्रिका गेल्या होत्या, लढत न्यूसम विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार लॅरी एल्डर अशी रंगवली गेली, आणि ‘नको’च्या बाजूने जवळपास ६२ टक्के मतं पडली.

विस्कॉन्सिनची पद्धत तुलनेला चांगली. तिथे पहिलं वर्ष रिकॉल करता येत नाही, सह्या २५ टक्के, मुदत ६० दिवस. तिथले गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०११ मध्ये सुरुवात झाली आणि निवडणूक ५ जून २०१२ ला आली. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीची गर्दी मिळाली नाही. प्रायमरी ८ मेला, म्हणजे प्रतिस्पर्धी टॉम बॅरेट यांच्या हाती चार आठवडे. वॉकर यांना मात्र निवडणुकीचा आदेश निघेपर्यंत अमर्याद देणग्या घेण्याची मुभा होती. ते ५३ टक्के मतं मिळवून टिकले. सुरुवातीचा दिवस निवडणं म्हणजेच तिथे निवडणुकीचा दिवस निवडणं, आणि तो हिशेब चुकला.

फ्रीमॉन्ट, सॅन होजे, सनीव्हेलकडच्या मराठी मतदारांनी पुढच्या वेळी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रस्त्यावर घाईत केलेली सही काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून मागे घेता येते. टपाली मतपत्रिकेच्या लिफाफ्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळायला हवी. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: हटवायचं का, आणि हटवलं तर कोण. ज्याच्यावर रिकॉल आहे तो दुसऱ्या प्रश्नात उभा राहू शकत नाही, आणि तिथे सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, निम्मी मतं लागत नाहीत. २०२१ मध्ये न्यूसम यांच्या मोहिमेने हा प्रश्न कोरा सोडायला सांगितलं आणि ४० टक्क्यांहून जास्त मतदारांनी तो कोरा सोडला. पहिल्या प्रश्नाला ‘नको’ म्हणणाऱ्यालाही दुसऱ्या प्रश्नात मत देता येतं, आणि द्यावंच.