४२ हजारांचा डॅक, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत ४२ हजारांचा डेस्कटॉप डॅक-अँप घेतला, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करून हेडफोन वाजवणारं टेबलावरचं यंत्र. त्याआधी तेच काम करणारा साडेतीन हजारांचा छोटा डोंगल होता. हेडफोन तोच, सेनहायझर एचडी ६००. पहिले तीन महिने भेटेल त्याला सांगायचो, तानपुरा आता मोकळा ऐकू येतो. मला तसा खरोखरच ऐकू येत होता.

शंका आली ती केसरबाईंमुळे. आमच्या केरीच्या केसरबाई केरकर, ज्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. त्यांच्या ७८ आरपीएमच्या एका जुन्या मुद्रणातही मला नवे बारकावे जाणवू लागले. जे तबकडीत उतरलंच नव्हतं ते डॅक आणणार कुठून?

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ५० हर्ट्झचा सूर लावला. आवाजाच्या रोजच्या खुणेवर डोंगल ०.५० व्होल्ट, डॅक ०.५६. म्हणजे जवळजवळ १ डेसिबल. एवढ्याशा फरकाने आवाज मोठा वाटत नाही, भरीव वाटतो! ज्या दुकानात ऐकून घेतला तिथे कुणी आवाज जुळवून ऐकवला नव्हता, याचा मला अजून राग आहे.

जुलैतल्या एका रविवारी पाऊस ओसरल्यावर (उघड्या पाठीचा हेडफोन, पत्र्यावरचा पाऊस सरळ कानात येतो) भाच्याला बसवलं. आवाज जुळवलेला, यंत्रं टॉवेलखाली, माझी पाठ त्याच्याकडे. त्याने नाणं उडवायचं आणि यंत्र तेच राहिलं तरी जॅक काढून परत घालायचा, म्हणजे खटक्यावरून ओळखता येऊ नये. १६ फेऱ्या, दरवेळी कोणतं यंत्र वाजतंय ते मी ओळखायचं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. माझ्या ९ आल्या. "मामा, सातव्या फेरीला तू एकदम ठाम होतास. तो डोंगल होता."

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली स्पीकरची अशीच चाचणी घेतली होती, एकदा पडद्याआड, एकदा उघड. स्पीकर दिसू लागले तसे गुण बदलले. अनुभवी श्रोतेही त्यातून सुटले नाहीत. हे मी वाचलेलं होतं, तरी स्वतःच्या कानाला लागू केलं नव्हतं.

डॅक विकणार नाही. त्याचं बटण लोण्यासारखं फिरतं, टीव्हीही त्यालाच जोडलाय. पण आवाजासाठी कुणी विचारलं तर डोंगलच सांगतो. पावसाळ्यात त्याचा जॅक तेवढा पुसत राहावा लागतो.

हेडफोनचे पॅड मात्र दबून चपटे झालेत. कान ड्रायव्हरच्या (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाच्या) जवळ गेला की सूर खरोखर बदलतो. नवे मागवलेत, चवथीआधी येतील.