ओआरएसची पुडी: गुणाची, पण पाणी मोजून घातलं तरच

जुलाबासाठी घरात एकच गोष्ट ठेवायची तर ही पुडी. घेताना मागची बाजू वाचा. एक लिटरसाठी मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. फळांच्या चवीची गोड पेयं वेगळी. त्यांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते बरंच झालं.

घोळ होतो तो कालवताना. मोठ्या पुडीतली चिमूट-चिमूट पेल्यात टाकली की अंदाज चुकतो. द्रावण घट्ट झालं तर रक्तातलं सोडियम वाढू शकतं, जुलाबही वाढतात. पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. म्हणून लिटरच्या मापाची अख्खी पुडी आणि उकळून गार केलेलं लिटरभर पाणी. माप म्हणून पाण्याची रिकामी लिटरची बाटली चालते. वरून साखर, दूध, सरबत काही नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश.

‘जुलाब थांबले नाहीत’ ही तक्रार मात्र पुडीवर अन्याय करणारी. तिचं काम गेलेलं पाणी भरून काढायचं. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना.