सिस्प्लॅटिनची 50 मिलीची कुपी: प्रयोगशाळेसाठी कशी आहे?

संभाजीनगर-नांदेडकडे रुथेनियम किंवा तांब्याची नवी संयुगं कर्करोगाच्या पेशींवर तपासणाऱ्यांनी तुलनेला सिस्प्लॅटिनच्या, म्हणजे कर्करोगावरच्या प्लॅटिनमयुक्त औषधाच्या, पावडरऐवजी ही कुपीच घ्यावी. 1 मिलिग्रॅम प्रतिमिली, म्हणजे 3.33 मिलिमोलर, सलाइनमध्ये तयार. पावडर अनेकजण डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात आणि तिथंच घात होतो: डीएमएसओ क्लोराइडला हटवून प्लॅटिनमला चिकटतो, औषधाची धार जाते, साध्या, म्हणजे प्रतिरोधक नसलेल्या, पेशीही दाद देईनाशा होतात. मग नवं संयुग उगाच सरस ठरतं! ए2780 ही अंडाशयाच्या कर्करोगाची पेशीमालिका आणि तिची सिस्प्लॅटिन-प्रतिरोधक जोडी ए2780सिस, दोन्ही एकाच दिवशी लावा. अ‍ॅल्युमिनियमची सुई नको, काळा साका धरतो. फ्रिजही नको, स्फटिक खाली बसतात. आपल्याकडे मे महिन्यात खोली 40 अंशांवर जाते. कुपी एसीच्या खोलीत, अंधारात ठेवा.