मोतीबिंदूची लेन्स: तक्ता उजवीकडून वाचू नका

मिरजेत डोळ्यांची तपासणी झाली की काउन्सेलर ताई मोतीबिंदू काढून त्या जागी बसवायच्या कृत्रिम लेन्सचा, लॅमिनेट केलेला एक तक्ता पुढे सरकवतात. डावीकडे स्वस्त, उजवीकडे महाग. मग उजव्या टोकाची लेन्स ती चांगली, असं आपसूकच वाटायला लागतं. आमच्या घरात दोघांची ऑपरेशनं झालीत, आईचं पुढच्या महिन्यात आहे. आता मी तो तक्ता बघायच्या आधी एकच बघते : माणसाची नजर दिवसभर असते कुठे? पोथी-पेपर साधारण ४० सेंटिमीटरवर, ओटा किंवा कॉम्प्युटर ६० ते ८० वर, टीव्ही आणि रस्ता त्याच्या पलीकडे.

मोनोफोकल लेन्स यातलं एकच अंतर स्वच्छ दाखवते. बहुतेकांना लांबचं लावतात आणि वाचायला चष्मा राहतो. बाबांनी हीच घेतली. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. वखारीत उजेड बेताचा, त्यात हळकुंड मोडून आतला रंग पारखायचा. मोनोफोकलमध्ये डोळ्यात शिरणारा उजेड वाटला जात नाही, त्यामुळे मंद प्रकाशातही फरक नीट कळतो. चष्मा नाकावर चाळीस वर्षांचा, तो उतरवायची त्यांना हौसही नव्हती. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी त्यांनी खिशातून हळकुंड काढलं, एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. "या डोळ्याला हळद दिसतीय, त्या डोळ्याला गूळ. दोन वर्षं मी गुळाचाच भाव करत होतो की काय!" पिकणारा मोतीबिंदू पिवळट-तपकिरी काचेसारखा सगळे रंग मळवतो, हे तेव्हा आम्हाला खरं कळलं. (निळा प्रकाश अडवणाऱ्या पिवळसर लेन्सही मिळतात. त्यांनी डोळ्याचा पडदा वाचतो, हे मात्र पक्कं सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं मत.)

ट्रायफोकल मामांनी घेतली. खरं तर त्यांच्या मुलाने घेतली, "बाबांना सगळ्यात भारी बसवा" म्हणून. किंमत साध्या लेन्सच्या कित्येक पट. ही लेन्स आलेला उजेड जवळ, मधलं आणि लांब अशा तीन वाटण्यांत देते. साताऱ्यातल्या दुकानात मामा आता उधारीची वही, मोबाइल, समोरची पाटी सगळं चष्म्याशिवाय वाचतात आणि गिऱ्हाइकांना ते कौतुकाने सांगतातही. पण शेत कोरेगावकडे, आणि पाण्याच्या मोटारीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मोटरसायकलवरून जाताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की दिव्याभोवती कडी दिसतात, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी. काही महिन्यांत मेंदूला सवय होते म्हणतात, आणि बऱ्याच जणांना होतेही. मामांना वर्ष झालं, कडी फिकी झालीत, गेलेली नाहीत. रात्री आता पोरगा जातो. रात्री गाडी चालवता का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

काचबिंदू असेल, किंवा मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला असेल, तर ट्रायफोकलचा विचार सहसा सोडूनच द्यावा. अशा डोळ्याला उजेड-सावलीतला बारीक फरक आधीच कमी कळतो, त्यात उजेडाच्या आणखी वाटण्या कशाला?

ईडॉफ (स्पष्ट दिसण्याचा पट्टा लांबवणारी लेन्स) म्हणजे या दोघींच्या मधली. लांबचं आणि ओट्यावरचं छान, बारीक अक्षराला हलका चष्मा. कड्यांचा त्रास ट्रायफोकलपेक्षा सहसा कमी. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याने हिचा विचार जरूर करावा.

टॉरिक मात्र तक्त्यात उगाच एक पायरी वर दाखवतात. ती वरची लेन्स नव्हे, वेगळ्या कामाची आहे. बुबुळाचा गोलावा सगळ्या दिशांनी सारखा नसेल, म्हणजे सिलिंडरचा नंबर साधारण एकच्या वर असेल, तर ती लागते. मोनोफोकलमध्येही टॉरिक येते, ट्रायफोकलमध्येही. सिलिंडर मोठा असताना टॉरिक नसलेली महागडी ट्रायफोकल बसवून घेणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं.

देशी की परदेशी, यावर आमच्याकडे जेवताना भांडण झालं होतं. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवते, आणि या लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यात तिचा मोठा वाटा आहे. शिक्क्यापेक्षा लेन्स हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी न धरणाऱ्या मटेरियलची आहे का, हे विचारा. डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवतात, तिची मागची बाजू पुढे धुरकट होण्याचं प्रमाण अशा लेन्समध्ये कमी असतं. झालीच, तर याग लेझरने काही मिनिटांत साफ होते. लोक त्यालाच "मोतीबिंदू परत आला" म्हणतात, तो परत येत नसतो. विम्याचं आधीच विचारून ठेवा : बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ठरावीक मर्यादा असते, वरचा फरक खिशातून. आणि "पूर्ण पिकू द्या" हा जुना सल्ला विसरा. फार पिकलेल्या मोतीबिंदूतून डोळ्याची लांबी मोजणाऱ्या मशीनचा प्रकाश आरपार जात नाही, मग लेन्सचा नंबर काढणं अवघड होतं. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच-तीनने हुकतो.

आता आई. तिला शाळेपासून मायनस तीनचा नंबर. तांदूळ निवडताना, सुईत दोरा ओवताना, पोथी वाचताना ती चष्मा काढून ठेवते. इतरांसारखं तिचंही लांबचं शून्य केलं असतं, तर साठ वर्षं उघड्या डोळ्यांनी केलेल्या याच कामांना तिला चष्मा शोधावा लागला असता. हे तक्त्यावर कुठेच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, साधी मोनोफोकलच मायनस अडीचला लावता येईल : जवळचं उघड्या डोळ्यांनी, लांबच्याला नेहमीचा चष्मा. मात्र दोन्ही डोळ्यांचं आत्ताच ठरवायचं, नाहीतर एक डोळा जवळचा, एक लांबचा.

जास्तीचा खर्च शून्य. आईने विचारलं, "म्हणजे चष्मा माझा तोच राहणार ना?" नंबर थोडा बदलेल, फ्रेम तीच चालेल, असं कळल्यावर तिने तक्ता बाजूला सारला आणि ऑपरेशन एकादशी सोडून कधीही घ्या म्हणाली.